अंतर लांडगा ठरवतो

पुण्याहून पहाटे चारला निघालं की उजाडायच्या आत सुप्याच्या पुढे पोचता येतं. सोलापूर रस्त्याला चौफुल्यापर्यंत ट्रकच ट्रक, तिथून उजवीकडे वळलं की रस्ता आपला. बँकेत सोमवारी सांगितलं, की शनिवारी फोटो काढायला सुप्याला गेले होते, तर हमखास प्रश्न येतो, "तिथे काय आहे?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ताडोबा असतो. उघडी जिप्सी, बांबूची बेटं, भर रस्त्यात पसरलेली वाघीण. माझ्याकडे दाखवायला असतं वाळकं गवत, खुरटी बाभूळ, खडक आणि त्यात कुठेतरी लांब एक लांडगा. कुठे, ते स्क्रीनवर बोट ठेवून सांगावं लागतं.

ताडोबालाही जाऊन आले आहे. वाघ दिसला, फोटो मिळाला, छान झालं. पण प्रवास, मुक्काम, सफारी आणि कॅमेऱ्याचं शुल्क यांची बेरीज केली की तो वर्षाकाठी एकदाच करायचा उद्योग ठरतो. माळाचं तसं नाही. पहाटे निघावं, दुपारी घरी येऊन वरणभात खावा. मी माळाकडे वळले ती अशी, निव्वळ हिशेबाने. प्रेमबिम नंतरचं.

सुरुवात मयूरेश्वर अभयारण्यापासून. नाव भारदस्त, क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. बारामती तालुक्यात सुप्याजवळचा हा तुकडा १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखला गेला. भोवताली शेती, वस्त्या, विजेचे खांब. चिंकारा म्हणजे वाळक्या गवताच्याच रंगाचं छोटंसं हरीण. आपण त्याला पाहायच्या बऱ्याच आधी त्याने आपल्याला पाहिलेलं असतं. पुढचा पाय जमिनीवर आपटतो, नाकातून शिंकल्यासारखा फुस्स आवाज काढतो आणि शेपटी हलवत धूम ठोकतो. नवखा फोटोग्राफर इथे गाडी दामटतो. वास्तविक काहीच करायचं नसतं. चिंकारा फार लांब जात नाही. दोनेकशे मीटरवर थांबतो आणि मान वळवून बघतो. ते वळून बघणं हाच फोटो. गाडी बंद, लेन्स आधीच रोखलेली, बोट बटणावर. मागे लागलात तर तो पुन्हा पळतो आणि मग वळून बघायच्या भानगडीत पडत नाही.

माळावर लपायला झाडोरा नसतो, त्यामुळे गाडी हेच लपण. ट्रॅक्टर, दुधाची पिकअप, दुचाक्या यांची जनावरांना रोजची सवय असते. उतरून चालू लागलेल्या माणसाची नसते. दार उघडून एक पाय खाली टेकवला की सकाळ संपली. म्हणून खिडकीची काच पूर्ण खाली घ्यायची, तिच्यावर बीनबॅग टाकायची आणि लेन्स तिच्यावर टेकवायची. बीनबॅग दुकानात रिकामीच मिळते, आत काय भरायचं ते आपलं आपण बघायचं. कुणी थर्माकोलचे मणी भरतं, ते वाऱ्याने हलतात. मी तांदळाची कणी भरते. पाच-सहा किलो वजन होतं, पण लेन्स तिच्यात अशी रुतून बसते की मी ज्याला मंद शटर म्हणते त्याच्यावरही हात थरथरायची भीती नाही. (शटरला मंद म्हटल्यावर लग्नाचे फोटो काढणारा माझा मावसभाऊ हसतो. त्याच्या नवऱ्यामुली एका जागी उभ्या राहतात.)

लेन्सपेक्षा मोठा शत्रू म्हणजे मधली हवा. मार्चनंतर सकाळचे नऊ वाजले की जमिनीवरून ऊन थरथरू लागतं. डोळ्यांना ते फारसं जाणवत नाही, पण दीडशे-दोनशे मीटरवरच्या जनावराच्या अंगावरचे केस फोटोत पार विरघळून जातात. लाखाची लेन्स असो की दहा लाखांची, मधली हवाच हलत असेल तर ती काय करणार? फोकस चुकतोय म्हणून लेन्स दुरुस्तीला टाकलेली माणसं मला ठाऊक आहेत. फोकस अगदी बरोबर असतो. थंडीत तर आणखी गंमत. गाडीत हीटर लावून बसलं आणि काच खाली घेतली, की आतली गरम हवा नेमकी लेन्सच्या पुढूनच बाहेर पडते आणि कडाक्याच्या थंडीत वैशाखासारखा धुरकट फोटो येतो. तेव्हा हीटर बंद, अंगावर शाल, डोक्याला मफलर. ह्या अवतारात मला ओळखीच्या कुणी पाहिलेलं नाही हे बरं.

चिंकाऱ्याचं अंतर एकदा हाताला बसलं की लांडग्याची ओढ लागते. भारतीय लांडगा दिसायला अगदीच साधा. वजन २० किलोच्या आसपास, लांब पाय, आखूड केस, रंग मातीचा आणि गवताचा. देशभरात तो ३,०००च्या आसपास उरला असावा असा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे कागदावर त्याचा मान वाघाइतकाच. कॅमेऱ्यापुढे मात्र तो फार अवघड गिऱ्हाईक. उभ्या गवतात ऑटोफोकस लांडगा सोडून पुढच्या काडीवर जाऊन बसतो. त्यातही हा चालता चालता थांबत नाही. खालमानेने, एका लयीत, बांधावरून, चरातून, पलीकडच्या उसाच्या कडेने निघून जातो आणि आपल्याकडे त्याच्या शेपटीचे फोटो उरतात.

लांडग्यापर्यंत मला पोचवलं ते एका धनगर आबांनी. इंदापूरच्या बाजूला कडबनवाडीच्या माळाकडे जाताना त्यांचा वाडा बसलेला असे. वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढपाळांचा तळ: घोडी, कोंबड्या, कुत्री, चुलीवर मावशी आणि रात्री मेंढरांभोवती उभं करायचं वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. पहिल्यांदा मी थांबले ती रस्ता विचारायला. कशाला आलात म्हटल्यावर मी सांगितलं. आबांनी माझ्याकडे, मग लेन्सकडे आणि मग गाडीच्या नंबरप्लेटकडे बघून घेतलं.

"ताय, तुमी लांडगा दिसावा म्हनून आलाय, आन् आमी त्यो दिसू ने म्हनून रातभर जागतोय."

मेंढपाळ लांडग्याला त्याचा वाटा आनंदाने देतात, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं. आबांना विचारलं. म्हणाले, "वाटा कसला? चोर हाय त्यो. पन हुशार चोर." कोकरू नेलं तर वनखात्याकडून भरपाई मिळू शकते हे त्यांना माहीत होतं. पण त्यासाठी पंचनामा लागतो, आणि पंचनामा होईस्तोवर वाडा पुढच्या गावाच्या शिवारात गेलेला असतो. मेलेलं कोकरू बरोबर घेऊन कुठवर फिरणार? हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस पडत नाही म्हणून सांगावं तसं सांगितलं.

त्यांनी दिलेला सल्ला मात्र माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा वरचढ निघाला. मेंढरांकडे बघू नका, कुत्र्यांच्या कानांकडे बघा. कान ज्या दिशेला, लांडगा त्या दिशेला. आणि वारं कुठून येतंय ते आधी बघा, कारण लांडगा कळपावरून वारा त्याच्याकडे वाहील अशाच बाजूला असतो. त्याला वास यायला हवा, त्याचा वास कुत्र्यांना जायला नको. कुत्र्यांनी कान टवकारले म्हणजे एक तर वारा फिरलाय, नाहीतर लांडगा उघड्यावर आलाय.

डिसेंबरातल्या एका सकाळी तसंच झालं. आबांची तीन कुत्री एकाच वेळी उठून पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. भुंकली नाहीत. मी दुर्बीण लावली. माळावर पाणी अडवायला ओळीने चर खणलेले आहेत, त्यांतल्या एका चराच्या मातीच्या ढिगावर दोन कान. मी गाडी हळूच त्या अंगाला घेतली, थेट नाही, तिरकी, जणू आपल्याला पलीकडच्या विहिरीवर जायचंय. तिरकं जायचं हेसुद्धा आबांचंच. समोरून आलं की शत्रू, बाजूने चाललं की वाटसरू.

मादी होती. डाव्या कानाचं टोक फाटलेलं, पुढचे पाय ढोपरापर्यंत चिखलाने माखून वाळलेले, म्हणजे रात्री कॅनॉलच्या अंगाला जाऊन आलेली. ती उभी राहिली. मी गाडी बंद केली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे, मग परत माझ्याकडे, आणि पुढचे पाय लांब करून खाली बसली. पिवळट डोळे, त्यांच्याभोवती काजळ ओढल्यासारखी कड. जांभई दिली तेव्हा मागच्या दाढांपर्यंत सगळं तोंड दिसलं. मग पंजांवर हनुवटी ठेवून तिने डोळे मिटले.

उजेड छान होता, पण फ्रेममध्ये ती लहान येत होती. मी गाडी सुरू करून चार-पाच मीटर पुढे घेतली. डोकं वर. थांबले. डोकं वरच. रिव्हर्स टाकून गाडी होती तिथे आणली. थोड्या वेळाने हनुवटी परत पंजांवर. पुन्हा पुढे सरकले, पुन्हा डोकं वर. साधारण दीडशे मीटरवर तिने माळावर एक रेघ मारली होती, आणि तिच्या अलीकडे मी दिवसभर बसले असते तरी तिची हरकत नव्हती. माझ्याकडची निकॉनची २००-५०० लेन्स ह्या अंतरावरून लांडगा देते तो पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाकीच्या फ्रेममध्ये कुसळीचं गवत, चराची उकरलेली माती, चरावर लावलेली आणि वाळून गेलेली रोपं, मागे उसाचा हिरवा पट्टा आणि त्याच्यावर विजेचा टॉवर. मी टॉवर टाळायचा खूप प्रयत्न केला. मग तो तसाच राहू दिला. तो तिथे आहेच.

त्या चरांविषयी बोलायलाच हवं. सरकारी दप्तरी अशा जमिनींची गणना पडीक जमिनीत होत आली, आणि पडीक म्हटल्यावर तिथे झाडं लावावीत हे ओघाने आलंच. चर खणा, रोपं लावा, गिरिपुष्प वाढवा. झाड लावणं वाईट असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण लांबवर बघता येणं हेच ज्यांचं संरक्षण, त्या चिंकाऱ्याला झाडी नको असते. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या, म्हणजे माळावर जमिनीलगत तरंगत शिकार करणारे शिकारी पक्षी, रात्री उघड्या गवतात जमिनीवरच उतरून झोपतात. त्यांनाही ती नको असते. माझ्या लांडगीने त्याच चराचा ढीग टेहळणीला वापरला, हा तिचा समंजसपणा.

आता लांडगा जवळून मिळतच नाही असं नाही. मिळतो, आणि सहज मिळतो. माळाच्या कडेला पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या टाकायच्या जागा असतात. संध्याकाळी तिथे घारी, बगळे, गावातली भटकी कुत्री आणि अंधार पडता पडता लांडगे येतात. गाडी लावून बसलं तर वीस-पंचवीस मीटरवर. फ्रेम भरते, मिशीचा केस न् केस मोजता येतो. कडेचा कोंबडीचा सापळा कापून टाकला, रंग थोडे उबदार केले की "माळरानाचा राजा" तयार. मीही अशा जागी एकदा बसून आले आहे. वास असा, की गाडीचं सीटकव्हर धुवावं लागलं. पण मला खटकला तो वास नाही. लांडगा आणि कुत्री एकाच ढिगाऱ्यावर, एकमेकांना खेटून खात होती.

ते खेटणं फोटोपुरतं राहत नाही. कुत्र्यांकडून लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोग लागतात. आणि त्याहून चिवट गोष्ट म्हणजे संकर. पुण्याच्या आसपासच्या माळांवर पिवळट रंगाची, लांडग्यासारखी पण लांडगा वाटू नयेत अशी जनावरं आधी लोकांच्या नजरेत भरली. पुढे पुण्याच्या द ग्रासलँड्स ट्रस्टने आणि बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी त्यांचे जनुकीय नमुने तपासले, आणि त्यांत लांडगा-कुत्रा संकर असल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. असं एक जनावर मलाही लांबून दिसलं होतं, गवताच्या रंगाहून कितीतरी फिकं, शेपूट किंचित वर वळलेली. फोटो हललेला, निम्मा झाडामागे. अभ्यास करणाऱ्यांना पाठवला, तर त्यांनी वेळ, जागा, बरोबर किती जनावरं होती, सगळं विचारून घेतलं. माझ्या एकाही सुंदर फोटोला असे बारकाईचे प्रश्न कुणी विचारले नव्हते.

जवळ येऊ देणारं जनावर बघितलं की इथे काय बिघडलंय असं मनात येतं. ही खोड मला लागली ती लांडग्यामुळे, पण पक्की झाली ती एका सरड्यामुळे.

साताऱ्याहून ठोसेघरच्या वाटेने वर चाळकेवाडीचं पठार आहे. उन्हाळ्यात तिथे नुसता खडक, करपलेलं गवत आणि पवनचक्क्या. तिथल्या गळ्याला पंखा असलेल्या सरड्याला २०१६ साली सरडा सुपर्बा असं शास्त्रीय नाव मिळालं. एप्रिल-मेच्या सुमारास, ऊन चांगलं तापल्यावर, नर एकेक दगड धरून उभे राहतात. इथे गाडीचा उपयोग नाही. पोटावर झोपायचं. कोपर खडकावर, कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला, बाहीत मुंग्या.

सरडा आपल्या वितीत मावेल एवढा, रंगाने दगडच. आधी तो पाय ताठ करून अंग वर उचलतो, मान उंचावतो. मग हनुवटीखालची घडी उघडते आणि त्या दगडाच्या तुकड्यातून मोरपिसाचा निळा, त्याच्या मागे काळा आणि त्याच्या मागे केशरी रंग एकदम बाहेर येतो. ऊन पाठीमागून असेल तर पंखा कंदिलासारखा आतून पेटतो, त्यातून जाणाऱ्या शिरासुद्धा दिसतात. सेकंदभरात मिटतो. परत उघडतो. शेजारच्या दगडावरचा नर उत्तर देतो. मधल्या गवतात कुठेतरी मादी असते आणि तिला ह्या सगळ्याशी काही देणंघेणं आहे असं वाटत नाही. उजेडाचं मोजमाप कॅमेऱ्यावर सोडलं तर तो भगभगीत खडक पाहून गोंधळतो आणि निळा रंग काळपट करतो. ते मोजमाप हाताने बसवावं लागतं, तेही निळ्यावर. केशरी आपलं आपण सांभाळतो.

माझ्या लक्षात आलं ते असं, की पवनचक्क्यांच्या बुडाशी असलेले सरडे मला बरंच जवळ येऊ देत होते. तिथून लांब, पठाराच्या दुसऱ्या भागात, मी कोपरावर सरपटायला लागले की पंधरा पावलांवरूनच दगड रिकामा. मला वाटलं, इथल्यांना पर्यटकांची सवय झाली असेल. बरोबरच्या एका अभ्यासू मित्राने शोधनिबंध वाचायला दिला तेव्हा उलगडा झाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि अमोद झांबरे, हर्षल भोसले या त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच पठारावर काम करून २०१८ साली ते प्रसिद्ध केलं होतं. पवनचक्क्यांच्या फिरत्या पात्यांमुळे तिथे तिसा, कापशी घार यांच्यासारखे शिकारी पक्षी फारसे येत नाहीत. वरून झडप घालणारा नसला की सरड्यांची संख्या वाढते आणि भीती कमी होते. माणूस बराच जवळ आल्याशिवाय ते पळत नाहीत. त्यांनी ते अंतर रीतसर मोजलं होतं. मी लेन्सने मोजत होते एवढाच फरक.

आणि त्यातच फोटोग्राफरला चिमटा काढणारी गोष्ट होती. दाटी वाढल्याने खाण्यासाठी चढाओढ होते, आणि पवनचक्क्यांजवळच्या सरड्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडतात. घरी जाऊन मी माझे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. एका फोटोवरून दुसऱ्यावर निष्कर्ष काढायला मी काही शास्त्रज्ञ नाही, ऊन वेगळं, दिवस वेगळा. पण तेव्हापासून चाळकेवाडीला गेले की पवनचक्क्यांकडे पाठ करून चालते. फोटो कमी मिळतात. कोपरं जास्त सोलवटतात.

भिगवणचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. उजनीच्या पाण्यावर, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला, पहाटे होडीत बसून रोहितांच्या थव्याकडे जाणं हा आनंद आहे आणि तो प्रत्येकाने एकदा घ्यावा. तिथले होडीवाले मूळचे मासेमार, पाणी आणि पक्षी दोन्ही ओळखणारे. चांगला होडीवाला इंजिन लांबच बंद करतो, मग बांबूने होडी ढकलतो आणि थव्यातल्या कडेच्या पक्ष्यांच्या माना एकाच वेळी वर झाल्या की बांबू चिखलात रोवून थांबतो. त्यापुढे जायचं नाही. पण होडीतलाच कुणीतरी म्हणतो, "दादा, जरा उडवा ना, फ्लाइट शॉट पाहिजे." लगेच दुसरा कुरव पक्ष्यांना खायला टाकायला पिशवी काढतो. पैसे मोजून होडी केलेली असते, त्यात पक्ष्यांनी उडायलाच हवं असा हिशेब. एकदा आमच्या होडीवाल्याने सरळ सांगितलं, "उडवले तर उद्या तुमच्या मागं येनाऱ्याला काय दाखवू?" सगळे गप्प. मला त्याला दुप्पट पैसे द्यावेसे वाटले. दिलेही थोडे जास्त.

नान्नजला गेले तेव्हा अंतराचा प्रश्नच आला नाही. सोलापूरजवळचं हे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ सालचं. आता जगभरात मिळून माळढोक १५०च्या आत उरलेत, बहुतेक राजस्थानात, आणि नान्नजला तो दिसणं जवळपास थांबलंच आहे. मी मनोऱ्यावर बसून काळविटांचे फोटो काढले. कळपाचा काळा नर, पिळाची शिंगं, मागे पिवळं गवत, सगळं जागच्या जागी. खालचा वनमजूर मला पूर्वी माळढोक कुठून यायचा, कुठे नाचायचा ते हाताने दाखवत राहिला आणि मी त्या दिशेला लेन्स वळवून रिकाम्या गवताचा फोटो काढला. तो मी कुणाला दाखवत नाही. दाखवला तर सगळे विचारतात, "ह्यात काय आहे?"

लांडगीचा तो तिकिटाएवढा फोटो एका स्पर्धेला पाठवला होता. परीक्षकांचा शेरा आला: विषय चौकटीत फार लहान, पार्श्वभूमीत व्यत्यय. टॉवरबद्दल असणार. मला ते पटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. त्यांना लांडगा हवा होता. मला लांडगा आणि मी यांच्यामधलं सगळं हवं होतं, कारण ती रेघ तिथेच कुठेतरी गवतात आहे. आबांच्या नातवाला फोटो मोबाइलवर पाठवला. त्याने दोन बोटांनी मोठा करून कान बघितला आणि लगेच म्हणाला, "ही तर आमचीच." मागच्या पावसाळ्यात ह्याच फाटक्या कानाच्या मादीने त्यांचं कोकरू नेलं होतं. तिचा फोटो त्याने आजोबांना दाखवला. आबांनी नीट पाहिला आणि विचारलं, पोट सुटलेलं दिसतंय का? गाभण असली तर यंदा वाघर दुहेरी बांधावं लागेल.

आता कडबनवाडी आणि शिरसुफळला वनविभागाची गवताळ प्रदेशाची सफारी सुरू झाली आहे. ऑनलाइन नोंदणी करायची, गाडीत गावातला गाइड घ्यायचा, ठरलेल्या वाटेनेच जायचं. काही जुन्या फोटोग्राफर मंडळींना हे जाचक वाटतं, कारण आधी जीप कुठेही घालता येत होती, गवतातही, बिळांवरही. मला बरं वाटतं. गाइड म्हणून येतात ती गावातलीच पोरं. लांडगा ज्यांच्यासाठी नुसती डोकेदुखी होता त्यांच्या घरात त्याच्यामुळे चार पैसे येतात. त्यातला एक पोरगा मला खोकडाच्या, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याच्या, बिळापासून गाडी इतक्या लांब थांबवायला लावतो की मीच म्हणते, अरे थोडी पुढे घेऊ. तो म्हणतो, "पिल्लं हायेत, मॅडम. हितनंच."

खोकडाचा तो फोटो, म्हणजे गवताच्या कडेवर तीन इवलेसे ठिपके, मी ओळखीच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत एकाचा निरोप आला: "क्या बात! लोकेशन?"

मी लिहिलं, "इंदापूर तालुका."

त्याने अंगठा पाठवला. रात्री पुन्हा निरोप: "अजून थोडं जवळचं सांगा ना."